मॉडेल ए फोर्डपासून पारंपरिक हॉट रॉड रोडस्टर: सुट्या भागांच्या निवडीपासून पहिल्या फेरीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मुले जुनी फोर्ड स्वस्तात विकत घेत, तिचे मडगार्ड, बंपर आणि टप काढून टाकत, तिच्यात नव्या गाडीतले व्ही-८ इंजिन बसवत आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट मातीवर ती पळवत. या धावांचे नियमन करणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ साली स्थापन झाली. युद्धानंतर सैन्यातून परतलेल्या आणि यंत्रकामात हात बसलेल्या तरुणांनी हा छंद वाढवला. त्या मुलांना त्या काळी जे सुटे भाग मिळू शकत होते, तेवढ्यांतूनच आज बांधलेली गाडी म्हणजे पारंपरिक हॉट रॉड, आणि दरवाज्यांना वर-खाली होणाऱ्या काचा नसलेली, कापडी टपाची दोन आसनी फोर्ड रोडस्टर हा तिचा सर्वांत जुना प्रकार.

अशी गाडी बांधायला घेतलेले अनेक प्रकल्प अर्ध्यावर सोडलेले दिसतात. त्यांत कारागिरीची उणीव क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम चुकलेला असतो: इंजिनाचा ब्लॉक तपासण्याआधी महागडी अ‍ॅल्युमिनियमची हेड (सिलिंडरवरची झाकणे) घेतलेली असतात, किंवा टायर ठरण्याआधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापलेली असते. म्हणून पुढील मजकुरात भागांच्या वर्णनाइतकेच महत्त्व क्रमाला दिले आहे.

आधी साल ठरवावे

पहिला पाना हातात घेण्यापूर्वी एक साल निश्चित करावे आणि त्या सालानंतरचा एकही दिसणारा भाग गाडीत येऊ देऊ नये. हा लेख १९४९ हे साल धरून लिहिला आहे. फोर्डच्या मॉडेल ए या गाडीची १९२८-२९ची रोडस्टर बॉडी, तिचीच चासी, १९४६ ते १९४८ या काळातले फोर्डचे ५९ मालिकेचे फ्लॅटहेड (हेडमध्ये व्हॉल्व्ह नसलेले) व्ही-८ इंजिन, १९३९चा गिअरबॉक्स, १९४० ते १९४८मधले हायड्रॉलिक ब्रेक आणि १९४०च्या फोर्डची १६ इंची पोलादी चाके, अशी ही जुळणी आहे. शेव्हरोलेटचे छोट्या ब्लॉकचे व्ही-८ इंजिन १९५५च्या मॉडेलमध्ये आले, त्यामुळे ते कितीही सोयीचे असले तरी या गाडीत बसत नाही. डिस्क ब्रेक आणि रेडियल टायर यांनाही तोच न्याय लावावा.

मॉडेल एची बॉडी १९३२च्या फोर्ड चासीवर ठेवली तर गाडी अधिक देखणी दिसते, हे मान्य करायला हवे, कारण त्या चासीच्या बाजूंवर दाबून उठवलेली रेषा उघडी राहते आणि फार शोभते. परंतु १९३२च्या मूळ चासींना इतकी मागणी असते की पहिल्याच प्रकल्पात त्यांच्या मागे लागणे शहाणपणाचे नाही. मॉडेल एची चासी मुबलक मिळते आणि १९४९ साली साधी मुलेही तीच वापरत होती.

मूळ अवस्थेत टिकलेली, सर्व भाग जागेवर असलेली गाडी या कामासाठी कापू नये. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत दिसणारी मॉडेल ए असो की ओहायोच्या एखाद्या गोठ्यात झाकून ठेवलेली असो, ती जशी आहे तशीच जपावी. हॉट रॉडसाठी विखुरलेले, एकमेकांशी संबंध नसलेले भाग पुरतात.

कागदपत्रे, चासी आणि बॉडी

भाग शोधण्यासाठी जुने बाजार हीच खरी जागा आहे. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे ऑक्टोबरात भरणारा बाजार आणि कॅलिफोर्नियात पोमोना व लाँग बीच येथे भरणारे बाजार प्रसिद्ध आहेत. तिथे वस्तू हातात घेऊन मोजता येते. छायाचित्र पाहून घेतलेल्या अ‍ॅक्सलचा वाक आणि ड्रमची झीज घरी आल्यावरच कळते.

सर्वांत आधी चासी आणि तिचे मालकीपत्र एकत्र मिळवावे. मॉडेल एमध्ये इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक असे आणि तो चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या बाजूवर, बॉडीखाली झाकला जाईल अशा ठिकाणी ठोकलेला असे. व्ही-८ बसवताना मूळ इंजिन निघून जाणार असल्याने चासीवरचा हा क्रमांकच पुढे उपयोगी पडतो. बॉडी उचललेली असताना तो तारेच्या ब्रशने हलकेच स्वच्छ करून कागदाशी पडताळावा. पॉलिश पेपरने घासून पुसट करू नये. नोंदणीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्या राज्याच्या वाहन खात्यात चौकशी करणे इष्ट.

बॉडी पाहताना वरचे पोचे गौण मानावेत, कारण ते ठोकून निघतात. दरवाज्यांखालून जाणाऱ्या पट्ट्या, समोरच्या काउलचे (काचेखालच्या, बॉनेटमागच्या पत्र्याचे) खालचे कोपरे आणि मागच्या चाकांभोवतीचा पत्रा इथला गंज खरा खर्च वाढवतो. दरवाजे चासीवर ठेवलेल्या बॉडीत बसवूनच तपासावेत. बॉडीखालच्या पट्ट्या कुजल्या असतील तर दरवाज्याची फट वर अरुंद आणि खाली रुंद अशी दिसते. मूळ बॉडी फारच खराब मिळत असेल तर ओहायोतील ब्रुकव्हिल ही कंपनी नव्या पोलादी पत्र्याच्या १९२८ ते १९३१च्या रोडस्टर बॉडी बनवते. पारंपरिकतेचा कट्टर आग्रह धरणारे नाके मुरडतात, परंतु फायबरच्या बॉडीपेक्षा हा पर्याय कितीतरी चांगला आहे.

इंजिनाची परीक्षा

गाडीचे भवितव्य या टप्प्यावर ठरते, म्हणून इथे घाई करू नये. फोर्डने फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन १९३२ साली २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्तीचे म्हणून आणले आणि अमेरिकेतील मोटारींत ते १९५३पर्यंत वापरले. १९३८पर्यंतच्या ब्लॉकवर प्रत्येक हेडला आवळून धरणारे २१ स्टड (आटे पाडलेले खिळे) असत. १९३८च्या उत्तरार्धात २४ स्टड आले. २३९ घनइंचाच्या ५९ मालिकेच्या ब्लॉकवर क्लचच्या घराच्या वरच्या भागावर ५९ हा आकडा ओतलेला दिसतो आणि ते घर ब्लॉकचाच भाग असते. त्यामुळे १९३९चा गिअरबॉक्स त्याला सरळ जोडता येतो. १९४९पासूनच्या ८बीए ब्लॉकमध्ये ते घर वेगळे झाले आणि डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) जागाही बदलली.

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बिडाच्या ब्लॉकमध्ये असतात, आणि जळालेला वायू प्रत्येक बाजूच्या तीन मार्गांनी ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या पोकळीला चिकटून बाहेर जातो. इंजिन तापण्याचे आणि ब्लॉकला चिरा पडण्याचे मूळ या रचनेत आहे. चिरा प्रामुख्याने व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या भागात व स्टडच्या भोकांभोवती सापडतात. ब्लॉक पूर्ण उघडून, रसायनाच्या टाकीत उकळून, चुंबकीय भुकटीच्या पद्धतीने तपासून आणि पाण्याच्या पोकळीत दाब देऊन पाहिल्याशिवाय त्याची किंमत देऊ नये. विकणारा तयार नसेल, तर ब्लॉक खराब निघाल्यास परत घेण्याची बोली तरी आधीच करावी. स्टडच्या भोकाजवळची छोटी चीर जाणकार कारागीर पिना मारून दुरुस्त करतो. सिलिंडरच्या आत उतरलेली चीर असेल तर दुसरा ब्लॉक शोधणे स्वस्त पडते.

ब्लॉक धड निघाला की पाण्याच्या पोकळीतली घाण काढण्याचे कंटाळवाणे काम येते. ओतकामाच्या वेळी साच्यात वापरलेली वाळू आणि तारांचे तुकडे काही ब्लॉकमध्ये अजून असतात, आणि त्यांवर गंजाचे थर चढलेले असतात. सर्व प्लग काढून, वाकवलेल्या तारेने खरवडून, दाबाच्या पाण्याने ही पोकळी पुन्हा पुन्हा धुवावी. फ्लॅटहेड तापतेच असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हे काम केलेले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

उभी जुळणी

ब्लॉक यंत्रशाळेत असताना गाडीची पूर्ण जुळणी एकदा वेल्डिंगशिवाय करून पाहावी. चासी सपाट फरशीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी, दोन्ही अ‍ॅक्सल खाली सरकवावेत, वापरायचीच चाके आणि टायर लावावेत, रिकामा ब्लॉक व गिअरबॉक्स जागेवर टांगावा, बॉडी ठेवावी आणि आत एका खोक्यावर बसून पाहावे. पुढे ५.५०-१६ आणि मागे ७.००-१६ या मापाचे जुन्या बांधणीचे टायर घेतले तर गाडी पुढे थोडी झुकलेली दिसते, आणि हा झुकाव त्या काळच्या गाड्यांची ओळख आहे. असे टायर टेनेसीतील कोकर कंपनी पुरवते.

या जुळणीत तीन अंतरे मोजून लिहून ठेवावीत. पहिले, ब्लॉकची मागची बाजू आणि काउलचा आडवा पत्रा यांमधले. दुसरे, इंजिनाच्या समोर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकावर बसणारा डिस्ट्रिब्युटर आणि रेडिएटर यांमधले. तिसरे, डाव्या एक्झॉस्टचा पाइप आणि स्टिअरिंगचा बॉक्स यांमधले. तिसऱ्या अंतराची अडचण सर्वांत उशिरा लक्षात येते, आणि तोवर इंजिनाचे आधार वेल्ड झालेले असतात. चालकाचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाखाली मावतात का हेही याच वेळी पाहावे. बॉडी चासीवर खाली उतरवून बसवण्याचा मोह उंच व्यक्तीने टाळलेला बरा.

चासीचे काम

मॉडेल एच्या पट्ट्या उघड्या नाळीच्या आकाराच्या आहेत आणि ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी बनवलेल्या आहेत. त्यांच्या उघड्या बाजूला आतून पोलादी पट्टी वेल्ड करून त्या पेटीसारख्या बंद कराव्यात. निदान इंजिनाच्या आधारापासून मधल्या आडव्या पट्टीपर्यंतचा भाग तरी बंद करणे आवश्यक आहे. त्यापूर्वी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची कर्णरेषांची मापे घेऊन चासी गुण्यात आहे याची खात्री करावी, आणि ओळंबे सोडून फरशीवर तिच्या खुणा उमटवाव्यात. पट्टी आधी इंचभर लांबीच्या टाक्यांनी धरावी, मग एकदा पुढे, एकदा मागे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे थोडे थोडे वेल्डिंग करत जावे. एका दमात लांब वेल्ड ओढला तर पट्टी उष्णतेने केळ्यासारखी वाकते. मूळ रिव्हेट ढिले नसतील तर त्यांना हात लावू नये.

मध्यभागी गिअरबॉक्स धरण्यासाठी भक्कम आडवा आधार लागतो. १९३२च्या चासीतल्या इंग्रजी के अक्षराच्या आकाराच्या जोडणीसारखा आधार बनवून घेणे सर्वांत योग्य. त्याचे कारण पुढे मागच्या अ‍ॅक्सलच्या संदर्भात येईल.

पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग

गाडीचे पुढचे टोक खाली आणण्यासाठी मूळ घडीव अ‍ॅक्सल तापवून, त्याची टोके वर ओढून मधला भाग खाली आणण्याची पद्धत त्या काळी रूढ झाली. सॅन दिएगोच्या एड स्टुअर्ट याने असे बनवलेले अ‍ॅक्सल विशेष गाजले. आज असे अ‍ॅक्सल नवेही मिळतात. अ‍ॅक्सल खाली आला की स्टिअरिंगच्या भुजाही खाली वाकवाव्या लागतात. तसे केले नाही तर दोन चाकांना जोडणारी आडवी सळई अ‍ॅक्सलच्या आधारदांड्यांना घासते. या भुजा पूर्ण लाल तापवून एकाच ओघात वाकवाव्यात, हवेत सावकाश थंड होऊ द्याव्यात आणि नंतर चिरांसाठी तपासून घ्याव्यात.

मूळ फोर्डमध्ये अ‍ॅक्सलला मागून धरणाऱ्या दोन दांड्या मध्यभागी एका गोळ्यात एकत्र येतात. व्ही-८ची तेलाची टाकी आणि गिअरबॉक्स तिथे येत असल्याने हॉट रॉडमध्ये त्या दांड्या सोडवून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांखाली स्वतंत्रपणे जोडतात. यानंतर एक चाक खड्ड्यात गेले की अ‍ॅक्सलला पीळ बसतो. घडीव, आय आकाराचा अ‍ॅक्सल हा पीळ सहन करतो. १९३७च्या ६० अश्वशक्तीच्या फोर्डपासून आलेला नळीचा अ‍ॅक्सल तो सहन करत नाही. म्हणून नळीचा अ‍ॅक्सल आणि वेगळ्या केलेल्या दांड्या ही जोडी टाळावी.

किंगपिनचा (ज्या उभ्या पिनेभोवती पुढचे चाक वळते तिचा) मागे झुकणारा कोन पाच ते सात अंशांत ठेवावा, आणि तो गाडी पूर्ण वजनानिशी, ठरलेल्या झुकावात उभी असताना मोजावा. स्टिअरिंगसाठी १९४८ ते १९५२च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स सर्वमान्य आहे. साल १९४९ धरल्याने तो नियमातही बसतो. बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा मागचा सांधा आणि अ‍ॅक्सलच्या आधारदांडीचा मागचा सांधा शक्य तितके जवळच्या उंचीवर आणि जवळच्या अंतरावर असावेत. त्या दोहोंचे कंस वेगळे पडले तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते, आणि ही खोड नंतर कशानेही जात नाही.

ब्रेक

फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९मध्ये दिले. तरीही १९३९चे ड्रम घेऊ नयेत, कारण १९३६ ते १९३९ या काळात चाकाचे पाच बोल्ट खूप मोठ्या वर्तुळावर असत. १९४०पासून ते साडेपाच इंची वर्तुळावर आले आणि आपली चाके त्याच मापाची आहेत. स्पिंडल, मागची प्लेट, हब आणि ड्रम एकाच गाडीचे, एकत्र विकत घेतले तर जुळवाजुळवीचा त्रास वाचतो. अर्थात सिलिंडर, रबरी नळ्या आणि पोलादी नळ्या नव्याच घालाव्यात, आणि तांब्याची नळी वापरू नये.

या ब्रेकची नीट जुळणी बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक शूला खाली टेकूची फिरती पिन आणि वर वेगळा समायोजक असतो. शूची कमान ड्रमच्या कमानीशी जुळवून, दोन्ही ठिकाणी बारीक फिरवत तो ड्रमच्या केंद्राशी आणावा लागतो. हे न करता केवळ वरचा समायोजक घट्ट केला की गाडी एका बाजूला ओढते आणि दोष ब्रेकच्या जुनाटपणावर जातो.

मूळ मास्टर सिलिंडर एकाच कक्षाचा असतो, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. इथे साल बाजूला ठेवून दोन कक्षांचा आधुनिक मास्टर सिलिंडर फरशीखाली, नजरेआड बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागचा अ‍ॅक्सल

या फोर्डमध्ये मागची फिरती दांडी एका बंद नळीत असते, आणि चाकांचा पुढे ढकलणारा जोर त्याच नळीतून गिअरबॉक्सवर व तेथून चासीवर येतो. मधला आधार भक्कम हवा तो यासाठी. मॉडेल एच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर १०३.५ इंच आहे, तर १९३५ ते १९४०च्या फोर्डमध्ये ते ११२ इंच आणि १९४१ ते १९४८मध्ये ११४ इंच होते. साहजिकच नंतरच्या गाडीचा अ‍ॅक्सल घेतल्यास नळी, आतली दांडी आणि बाजूच्या आधारदांड्या आखूड कराव्या लागतात. दांडी लेथवर सरळ रेषेत धरून जोडून घ्यावी, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. पोलादी पाट्यांची आडवी स्प्रिंग ज्या कड्यांना लटकते, त्यांची जागा वर्षागणिक बदललेली आहे, म्हणून उभ्या जुळणीत चाक बॉडीच्या कमानीच्या बरोबर मध्यात येते का ते पाहूनच कडी वेल्ड करावीत. रस्त्यावर चालवण्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ३.७८ किंवा ३.५४ या गुणोत्तराचे गिअर बरे. ४.११ची जोडी गावात मजा आणते आणि महामार्गावर थकवते.

हब निमुळत्या टोकावर चावीने बसतो. ते टोक कोरडे व स्वच्छ असावे, आणि थोडे अंतर गाडी चालवल्यानंतर नट पुन्हा घट्ट करावेत.

इंजिनाची जोडणी

१९४९ ते १९५३च्या मर्क्युरीचा (फोर्डच्याच दुसऱ्या नाममुद्रेच्या गाडीचा) क्रँकशाफ्ट ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या ४ इंच धावेचा आहे, फोर्डचा पावणेचार इंचांचा. हा क्रँक आणि ३ ५/१६ इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) मिळून २७६ घनइंच होतात, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी तेवढे पुष्कळ. त्याहून मोठा बोअर केल्यास सिलिंडरची भिंत पातळ होते, म्हणून बोअर करण्यापूर्वी भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजून घ्यावी. कॅम सौम्य निवडावा. पुन्हा घासलेला कॅम घेतल्यास मूळ टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधले दट्टे) चालत नाहीत, कारण त्यांत समायोजनाची सोय नाही. सोय असलेले टॅपेट घ्यावेत. दोन स्ट्रोमबर्ग ९७ कार्बुरेटर आणि त्यांचा मॅनिफोल्ड, एडेलब्रॉक किंवा ऑफनहाउझरची अ‍ॅल्युमिनियमची हेड, एवढे बाह्य सामान पुरे. तीन कार्बुरेटर केवळ दिखाव्यासाठी असतात आणि त्यांना एकत्र सुरात ठेवणे कटकटीचे ठरते. या कार्बुरेटरना पेट्रोलचा दाब अडीच-तीन पौंडांपेक्षा जास्त सोसत नाही. विजेचा पंप लावला तर दाब कमी करणारा झडप-नियंत्रक सोबत हवाच. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पडदे विरघळतात, तेही बदलावेत.

अ‍ॅल्युमिनियमची हेड इंजिन थंड असताना, मध्यापासून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने कसावीत, आणि दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर पुन्हा कसावीत. डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग इंजिनावर बसवण्याआधी यंत्रावर जुळवून घ्यावे. फायरिंगचा क्रम १-५-४-८-६-३-७-२ असा आहे.

वीज, पहिली फेरी आणि रंग

त्या काळच्या फोर्डची वीज ६ व्होल्टची, आणि धन टोक चासीला जोडलेले. ती तशीच ठेवली तरी उत्तम चालते, मात्र बॅटरीच्या तारा १२ व्होल्टच्या गाडीपेक्षा बऱ्याच जाड हव्यात. स्टार्टर संथ फिरण्याचे कारण बहुधा बारीक तार किंवा गंजलेला जोड हेच असते.

गाडी रंगवण्यापूर्वी पूर्ण जोडून, उघड्या पत्र्यावर चालवावी. प्रथम स्पार्क प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवावा. इंजिन सुरू झाल्यावर तापमान आणि गळती पाहत ते मध्यम वेगात ठेवावे. पहिल्या फेऱ्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात घ्याव्यात. प्रत्येक फेरीनंतर ड्रम हाताने चाचपून कोणता अधिक तापतो ते पाहावे, आणि स्टिअरिंगचे सर्व सांधे व त्यांच्या कॉटर पिना तपासाव्यात. काही शे मैल झाल्यावर सायलेन्सर कुठे घासतो, दरवाजा कुठे चिकटतो, कोणते नवे भोक पाडावे लागते, हे सगळे उघड होते.

त्यानंतर गाडी पुन्हा सुटी करून रंगवावी. काळा किंवा गडद मरून रंग त्या सालाला शोभतो. पुन्हा जोडताना बॅटरीची तार, इंजिन चासीला जोडणारा विजेचा पट्टा आणि दिव्यांच्या बैठका जिथे चासीला टेकतात, तेवढ्या जागेवरचा नवा रंग खरवडून धातू उघडा करावा आणि जोड आवळल्यावर त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा.